साडेबारा मिलिमीटरची चूक : हवेने गिळलेल्या लहरींचा इतिहास

१/ गच्चीवर डीटीएचची तबकडी असेल, तर तिच्या माहितीपत्रकात ‘केयू बँड’ असा शब्द हमखास सापडतो. यातील ‘यू’ हे अक्षर ‘अंडर’ या शब्दातून आले आहे. म्हणजे ‘के’ पट्ट्याच्या खालचा पट्टा. त्याच धर्तीवर ‘केए’ म्हणजे ‘के’च्या वरचा, ‘अबव्ह’. मग मधला ‘के’ पट्टा गेला कुठे? एका सलग पट्ट्याचे तुकडे करून त्याच्या खालच्या आणि वरच्या भागांना वेगळी नावे का द्यावी लागली? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या महायुद्धातील एका घाईच्या निर्णयात आहे.

२/ तो निर्णय असा होता : १.२५ सेंटिमीटर, म्हणजे साडेबारा मिलिमीटर तरंगलांबीवर चालणारी रडार यंत्रे बनवायची. नळ्या तयार होत होत्या, आराखडे मंजूर होत होते. त्या लहरी ज्या हवेतून प्रवास करणार, ती हवा त्यांना कितपत वाट देईल, हे मात्र तोवर नीट मोजले गेले नव्हते. मोजमाप झाले ते निर्णयानंतर. या क्रमाची किंमत काय पडली, आणि त्या उशिरा झालेल्या मोजमापातून पुढे काय काय निघाले, याची ही कथा आहे.

३/ इतक्या आखूड लहरी जगाला नव्या नव्हत्या. नोव्हेंबर १८९४ च्या सुमारास कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी आपल्या प्रयोगांना आरंभ केला. त्यांच्या उपकरणांतून निघणाऱ्या लहरींची लांबी सुमारे ५ ते २५ मिलिमीटर होती. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी या अदृश्य लहरी भिंतींच्या पार, सुमारे २३ मीटर अंतरावर पाठवल्या, त्यांच्या बळावर घंटा वाजवली आणि बारूद पेटवून दाखवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे याच विषयावर व्याख्यान झाले.

४/ ‘बोस यांनी ५जी शोधले’ अशा आशयाचे संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. त्यातला आदर खरा आहे. विधान खरे नाही. बोस यांची खरी कामगिरी त्याहून रोचक आहे. लहरी गोळा करणारे नरसाळे, स्फटिकावर आधारलेला ग्राहक, लोलक, पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या, अशा साधनांनी त्यांनी या लहरींचे परावर्तन, अपवर्तन आणि ध्रुवण तपासले. प्रकाश जसा वागतो तशाच या लहरी वागतात, हे दाखवणे हा त्यांचा हेतू होता. दूरवर संदेश पोहोचवणे हा नव्हता.

५/ इथे एक विलक्षण योगायोग आहे. बोस यांच्याकडील सर्वांत आखूड लहर सुमारे ५ मिलिमीटरची, आणि नेमक्या त्याच तरंगलांबीला हवेतील ऑक्सिजन सर्वांत जोरात आडवा येतो. समुद्रसपाटीवर ही लहर एक किलोमीटर जाईपर्यंत तिची सुमारे ९७ टक्के ऊर्जा हवेतच जिरते. परंतु २३ मीटरच्या अंतरात ही घट जेमतेम ८ टक्के भरते. ठिणगीवर चालणाऱ्या त्या काळच्या उपकरणांना एवढा बारीक फरक पकडता येणे शक्य नव्हते. हवा बोस यांच्या दालनातही लहरी गिळतच होती. तो घास एवढा लहान होता की तो कोणाच्या लक्षात येणार नव्हता.

६/ पुढच्या चार दशकांत रेडिओचे जग नेमके उलट्या दिशेला गेले. समुद्रापार संदेश पोहोचवायचे होते, आणि त्यासाठी लांब लहरी उपयोगी पडत होत्या. मिलिमीटरच्या लहरी मोजक्या प्रयोगशाळांपुरत्या उरल्या. हवेने त्यांचे काय केले असते, हा प्रश्न विचारण्याची गरजच कोणाला भासली नाही. गरज भासली ती युद्धामुळे.

७/ फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळीयुक्त मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या प्रबळ लहरी त्यातून मिळू लागल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश शिष्टमंडळाने हे गुपित अमेरिकेत नेले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ‘रेडिएशन लॅबोरेटरी’ उभी राहिली. नाव मुद्दाम फसवे ठेवलेले होते. काम रडारचे होते.

८/ रडारला आखूड लहर का हवी, हे एका साध्या भागाकाराने समजते. लहरीची लांबी भागिले तबकडीचा व्यास, यावर झोताची रुंदी ठरते. एक मीटर व्यासाच्या तबकडीतून १० सेंटिमीटरची लहर सोडली, तर झोत सुमारे ६ अंश पसरतो. तीच तबकडी १.२५ सेंटिमीटरच्या लहरीसाठी वापरली, तर झोत एक अंशाहूनही अरुंद होतो. विमानावर मोठी तबकडी बसवता येत नाही. तेव्हा बारीक तपशील हवा असेल तर लहरच आखूड करावी लागते. म्हणून १० सेंटिमीटरनंतर ३ सेंटिमीटर आले, आणि ३ नंतरची पायरी ठरली १.२५. हाच तो ‘के’ पट्टा.

९/ आता हवेकडे वळू. नायट्रोजन या लहरींच्या वाटेला फारसा जात नाही. अडचण दोन रेणूंची आहे. पाण्याच्या रेणूत विद्युतभार विषम वाटलेला असतो, त्यामुळे विद्युतचुंबकीय लहर त्याला पकडून फिरवू शकते. ऑक्सिजनचा रेणू एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखा असतो, आणि लहरीचे चुंबकीय अंग त्याला हलवते. प्रत्येक रेणू ठरावीक वारंवारतांनाच प्रतिसाद देतो. लहर त्या वारंवारतेची असेल, तर तिची ऊर्जा रेणूकडे जाते आणि पुढे जाणारी लहर क्षीण होते.

१०/ हे गणित कागदावर मांडले जॉन व्हॅन व्लेक यांनी. हार्वर्डमधील हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ चुंबकत्वाच्या अभ्यासासाठी नावाजलेले होते. पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. १९४२ मध्ये त्यांनी रेडिएशन लॅबोरेटरीसाठी गोपनीय अहवाल लिहिले. अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास ऑक्सिजनचे प्रबळ शोषण आहे, आणि सव्वा सेंटिमीटरच्या आसपास पाण्याच्या बाष्पाचीही एक शोषणरेषा असावी, असे त्यांचे गणित सांगत होते.

११/ ‘आसपास’ या शब्दातच सारी अडचण होती. बाष्पाच्या रेषेचे स्थान अवरक्त किरणांच्या जुन्या निरीक्षणांवरून काढलेले होते, आणि त्यात थोडी चूक असली तरी रेषा बरीच इकडेतिकडे सरकली असती. शिवाय रेषा किती रुंद असेल, हेही अनिश्चित होते. मोकळ्या हवेत रेणू एकमेकांवर सतत आदळतात आणि त्या आदळण्याने शोषणाची रेषा पसरट होते. किती पसरट, हे प्रयोगानेच ठरणार होते. सिद्धान्ताने धोक्याची घंटा वाजवली होती. धोका किती मोठा, ते सांगण्याची ताकद त्यात नव्हती.

१२/ ही घंटा ज्यांनी ऐकली त्यांत बेल लॅबोरेटरीजमधील तरुण भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स टाउन्स होते. विमानातील रडार यंत्रणा बनवणे हे त्यांचे युद्धकाळातील काम होते, आणि १.२५ सेंटिमीटरवर जाण्याचा आदेश त्यांच्याही मेजावर आला. हवेतील बाष्प ही लहर शोषून घेईल, अशी शंका त्यांनी मांडली. उत्तर मिळाले ते असे की निर्णय झालेला आहे आणि काम पुढे गेलेले आहे. टाउन्स यांनी पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला आहे.

१३/ निर्णय घेणाऱ्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो मोह आवरावा. १९४२–४३ मध्ये त्यांच्यापुढे एका बाजूला अरुंद झोताचा निश्चित लाभ होता आणि दुसऱ्या बाजूला ‘असावी’ या क्रियापदावर संपणारे एक गणित होते. युद्धात प्रत्येक महिना मोलाचा होता. नव्या तरंगलांबीची नळी, ग्राहक आणि तबकडी घडवायला वर्षे लागत होती. एकदा चाल सुरू झाली की थांबणे महाग पडत होते. मोजमाप आधी हाती असते, तर त्या तराजूचे पारडे कदाचित वेगळे झुकले असते.

१४/ यंत्रे उघड्या आकाशाखाली आली तेव्हा शंका खरी ठरली. दमट हवेत त्यांचा पल्ला अपेक्षेपेक्षा फार तोकडा पडत होता. एक सोपे गणित पाहू. उष्ण प्रदेशातील समुद्रावरची दमट हवा या लहरीची दर किलोमीटरला ९ टक्के ऊर्जा गिळते असे धरू. लक्ष्य ३० किलोमीटरवर असेल, तर लहरीला जाऊन-येऊन ६० किलोमीटर जावे लागते. तेवढ्या वाटचालीत तिचा सुमारे तीनशेवा भागच शिल्लक राहतो. अंतरामुळे होणारी नेहमीची घट याहून वेगळीच. आणि अमेरिकेचे युद्ध तर प्रशांत महासागराच्या दमट पट्ट्यातही चालू होते.

१५/ तेव्हा हवेचे हे शोषण नेमके मोजण्याची निकड निर्माण झाली. सरळ मार्ग म्हणजे एका टोकाला प्रक्षेपक, दुसऱ्या टोकाला ग्राहक, आणि किती ऊर्जा पोहोचली याची नोंद. परंतु मोकळ्यावर जमिनीवरून परावर्तित लहरी मध्ये मिसळतात, उपकरणाची क्षमता तासातासाला बदलते, आणि हवेमुळे झालेली घट या गोंधळात हरवते. कोलंबिया विद्यापीठात बेकर आणि ऑटलर यांनी हवाच प्रयोगशाळेत आणली. तांब्याच्या एका मोठ्या पेटीत त्यांनी दमट हवा भरली आणि तिच्या भिंतींवरून पुन्हा पुन्हा परावर्तित होणाऱ्या लहरी बाष्पामुळे किती क्षीण होतात, ते मोजले. शोषणाचे शिखर १.३४ सेंटिमीटरच्या जवळ आढळले.

१६/ तिसरा मार्ग सर्वांत अनपेक्षित होता. तो रेडिएशन लॅबोरेटरीतील रॉबर्ट डिकी यांचा. त्यांनी लहर पाठवलीच नाही. एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेला एक नियम त्यांनी हाताशी घेतला : जी वस्तू एखाद्या तरंगलांबीला जितकी शोषते, तितकीच ती त्या तरंगलांबीला स्वतः उत्सर्जित करते. म्हणजे बाष्प १.३४ सेंटिमीटरच्या लहरी गिळत असेल, तर ते त्याच लहरी मंदपणे बाहेरही टाकत असले पाहिजे. आकाशाकडे तबकडी रोखायची, त्याची ही मंद ऊब टिपायची, आणि त्यावरून शोषण काढायचे. रडारला प्रक्षेपक लागतो. या मोजमापाला केवळ एक चांगला कान पुरेसा होता.

१७/ ही ऊब किती? हवेचे खरे तापमान २९० केल्विन धरू. हवा पूर्ण अपारदर्शक असती, तर आकाश रेडिओ लहरींत २९० केल्विनचे भासले असते. ती पूर्ण पारदर्शक असती, तर जवळजवळ थंड भासले असते. आकाश २९ केल्विनचे भासले, तर त्याचा अर्थ असा की वरच्या हवेचा संपूर्ण थर सुमारे १० टक्के शोषण करतो. एका तापमापकाच्या वाचनातून वातावरणाची पारदर्शकता हाती येते.

१८/ अडचण अशी की ग्राहकाच्या आतला स्वतःचा कोलाहल या मंद उबेपेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तो स्थिरही नव्हता. डिकी यांनी त्यावर योजलेला उपाय हुशार दुकानदाराच्या सवयीसारखा होता. ज्याला काट्यावर भरवसा नाही, तो दर वेळी रिकामे पारडे पाहून घेतो. डिकी यांच्या उपकरणात एक फिरती चकती सेकंदाला ३० वेळा लहरींच्या वाटेत शिरे आणि बाहेर पडे. चकती आत असताना ग्राहकाला ज्ञात तापमानाचा पदार्थ ‘दिसे’. ती बाहेर असताना आकाश दिसे. दोहोंतील फरकच तेवढा नोंदवायचा. ग्राहकाचा कोलाहल दोन्ही बाजूंना सारखा असल्याने वजाबाकीत तो गळून पडे.

१९/ आणखी एक युक्ती होती. तबकडी सरळ डोक्यावर रोखली तर हवेचा थर सर्वांत पातळ असतो. क्षितिजाकडे कलती केली की तोच थर जाड होत जातो. ६० अंश कललेल्या तबकडीला दुप्पट हवा दिसते. कल बदलत तापमान मोजले की ते कसे वाढते, यावरून हवेचा वाटा वेगळा काढता येतो. मोकळ्या आकाशाची ही चढती रेघ आजही मिलिमीटर लहरींच्या वेधशाळांमध्ये मोजतात.

२०/ फ्लोरिडातील लीसबर्ग येथे डिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १.००, १.२५ आणि १.५० सेंटिमीटर अशा तीन तरंगलांबींवर आकाश मोजले. निरनिराळ्या उंचीवर बाष्प किती आहे, हे फुग्यांनी वाहून नेलेली उपकरणे सांगत होती. निबंध १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. याच वर्षी रॉबर्ट बेरिंजर यांनी अर्ध्या सेंटिमीटरच्या लहरींचे ऑक्सिजनमधील शोषण मोजून प्रसिद्ध केले. व्हॅन व्लेक यांचे गोपनीय गणित १९४७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त आले. सिद्धान्त, पेटी आणि आकाश यांची साक्ष एकमेकांशी जुळली.

२१/ बाष्पाच्या रेषेचा आज स्वीकारलेला मध्य २२.२३५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे १३.५ मिलिमीटर आहे. निवडलेले साडेबारा मिलिमीटर हे नेमके शिखर नव्हते, पण त्या पसरट डोंगराच्या उतारावरच ते बसले होते. म्हणून युद्धानंतर पट्टा दुभंगला. बाष्पाचा मधला भाग टाळून खाली ‘केयू’ आणि वर ‘केए’ अशी कामे वाटली गेली. मिलिमीटर लहरींचा नकाशाही असाच आखला गेला : ५ मिलिमीटरजवळ ऑक्सिजनची भिंत, त्याआधी ८.६ आणि त्यानंतर ३.२ मिलिमीटरजवळ खिडक्या.

२२/ कथा इथे संपली असती, तर ती फसलेल्या रडारची कथा ठरली असती. परंतु ‘के’ पट्ट्याची बिनकामी झालेली साधने युद्धानंतर भौतिकशास्त्रज्ञांच्या हाती आली. रेणू शोषतात म्हणून जी तरंगलांबी रडारला नकोशी झाली, तीच रेणूंचा अभ्यास करणाऱ्याला हवीशी होती. टाउन्स यांनी अमोनियाच्या रेणूचे शोषण तपासले. तेही सव्वा सेंटिमीटरजवळच आहे. या वाटेने कोलंबिया विद्यापीठात १९५४ मध्ये अमोनियावर चालणारा मेसर साकार झाला. लेसर हे त्याचेच धाकटे भावंड. आणि १९६९ मध्ये टाउन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातून तारकांमधल्या अवकाशातले पाणी शोधून काढले, ते १.३५ सेंटिमीटरच्या याच रेषेवर.

२३/ डिकी यांच्या १९४६ च्या निबंधात आणखी एक वाक्य दडलेले होते. हवेचा वाटा वजा केल्यावर विश्वातून येणारी ऊब उरली, तर ती २० केल्विनहून कमी आहे. सुमारे वीस वर्षांनी आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी बेल लॅबोरेटरीजच्या होल्मडेल येथील शिंगाकृती अँटेनाने ७.३५ सेंटिमीटरवर आकाश मोजले. एकूण ६.७ केल्विन भरले. तबकडी कलती करून काढलेला हवेचा वाटा २.३ केल्विन होता. हवा आणि उपकरण यांचा हिशोब वजा करूनही सुमारे ३.५ केल्विन शिल्लक राहिले. ही विश्वाच्या आरंभाची ऊब होती. हवेचा वाटा आधी अचूक मोजता आला नसता, तर त्या उरलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

२४/ दरम्यान तबकडी उलटी झाली. जमिनीवरून वर पाहण्याऐवजी अवकाशातून खाली पाहता येऊ लागले. १४ डिसेंबर १९६२ रोजी शुक्राजवळून गेलेल्या मरिनर २ या यानात १३.५ आणि १९ मिलिमीटरचे रेडिओमापक होते. शुक्राचा पृष्ठभाग भयंकर तापलेला आहे, या निष्कर्षाला त्यांनी बळ दिले. १९६८ मध्ये सोव्हिएत कॉसमॉस २४३ या उपग्रहाने आणि डिसेंबर १९७२ मध्ये सुटलेल्या अमेरिकी निंबस ५ ने हीच पद्धत पृथ्वीसाठी वापरली. बाष्पाच्या रेषेवरून हवेतील ओलावा, आणि ऑक्सिजनच्या पट्ट्यावरून निरनिराळ्या उंचीवरचे तापमान. बोस यांच्या सर्वांत आखूड लहरीला हवा जिथे गिळत होती, तिथेच आता हवेचा ताप मोजला जातो.

२५/ भारत या वाटेवर लवकर आला. ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत भूमीवरून सुटलेल्या भास्कर-१ या उपग्रहात ‘समीर’ नावाचा सूक्ष्मलहरी रेडिओमापक होता. त्याच्या दोन वारंवारता होत्या १९.३५ आणि २२.२३५ गिगाहर्ट्झ. दुसरा आकडा ओळखीचा आहे. ज्या रेषेने एकेकाळी रडार निकामी केले, तीच रेषा भारतीय शास्त्रज्ञांनी समुद्रावरचे बाष्प मोजण्यासाठी मुद्दाम निवडली होती. १९८१ च्या भास्कर-२ मध्ये ३१.४ गिगाहर्ट्झची भर पडली. ऑक्टोबर २०११ मध्ये सुटलेल्या भारत-फ्रान्स यांच्या मेघा-ट्रॉपिक्सने बाष्पाची १८३ गिगाहर्ट्झजवळची अधिक प्रबळ रेषा वापरली. कोकणावर कोसळणारा पाऊस आधी अरबी समुद्रावर बाष्परूपाने असतो. त्याची मोजदाद करायची तर अशीच साधने लागतात.

२६/ आता इतिहासाने घेतलेले वळण पाहण्यासारखे आहे. आजचे हवामान उपग्रह बाष्प मोजण्यासाठी २३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याच रेषेच्या खांद्यावर कान लावून बसतात. २३.६ ते २४.० गिगाहर्ट्झ हा पट्टा त्यांच्यासाठी शांत राखलेला आहे. ५जी दूरध्वनीसाठी दिलेला पट्टा २४.२५ पासून सुरू होतो. प्रक्षेपकाची थोडी ऊर्जा शेजारच्या पट्ट्यात सांडतेच. ही सांडलेली ऊर्जा उपग्रहाला बाष्पाच्या उबेसारखीच दिसते, आणि खरे बाष्प कोणते व दूरध्वनी कोणता, हे त्याला ओळखता येत नाही.

२७/ २०१९ मध्ये अमेरिकेत या पट्ट्याचा लिलाव झाला, तेव्हा हवामानशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. किती ऊर्जा सांडू द्यावी, याबाबत अमेरिकी दूरसंचार आयोगाची मर्यादा आणि जागतिक हवामान संघटनेला हवी असलेली मर्यादा यांत सुमारे ३,००० पटींचे अंतर होते. त्या वर्षअखेरीस इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत मधला तोडगा निघाला : आधी एक मर्यादा, आणि १ सप्टेंबर २०२७ पासून तिच्या चौपट कठोर मर्यादा. भारतातही २६ गिगाहर्ट्झच्या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा २०२२ च्या लिलावात विकला गेला.

२८/ १९४२–४३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सांगत होते की हवा यंत्राला बिघडवेल. २०१९ मध्ये ते सांगत होते की यंत्रे हवेचे वाचन बिघडवतील. दोन्ही वेळा समोर एक मोठा, निश्चित लाभ होता, आणि दोन्ही वेळा काम बरेच पुढे गेलेले होते. फरक एवढाच की पहिल्या वेळी इशाऱ्यामागे केवळ गणित होते; दुसऱ्या वेळी त्याच्यामागे सत्तर वर्षांची मोजमापे होती. इशारा पूर्ण मानला गेला नाही, पण दुर्लक्षितही राहिला नाही. मोजमापाने मिळवलेले वजन ते एवढेच, आणि ते कमी नाही.

२९/ ‘केयू’ या शब्दातील ते लहानसे अक्षर म्हणूनच जपून वाचावे. एका निर्णयाची चूक त्यात कोरलेली आहे, आणि ती चूक निस्तरताना हवेबद्दल मिळालेले ज्ञानही. तबकडीवर पावसाचे ढग दाटून येतात आणि पडद्यावरचे चित्र अडखळू लागते, तेव्हा एक जुनीच गोष्ट नव्याने घडत असते : तबकडी आणि उपग्रह यांच्यामध्ये पाणी आलेले असते.